प्रोजेक्टला पॅरामिशियममधले जिवाणू घ्यायचे आहेत? मग हे वाचा

ठाणे-कल्याणकडच्या कॉलेजांतली मुलं अधूनमधून विचारतात : एमएस्सीच्या प्रोजेक्टला एकपेशीय जीवांच्या आत राहणारे जिवाणू घेऊ का? घ्या. विषय भन्नाट आहे आणि सुरुवातीला खर्चही फारसा नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. पॅरामिशियम हा साचलेल्या पाण्यातला एकपेशीय जीव, आणि त्याचं रोजचं जेवणच जिवाणू आहे. त्यामुळे आत दिसतंय ते गिळलेलं आहे की तिथे मुक्कामाला आहे, हा या विषयातला पहिला आणि सगळ्यात चिवट प्रश्न. तेवढा नीट सोडवलात तरी प्रोजेक्ट उभा राहतो.

या विषयाचा एक धागा आपल्याकडे येतो, तो पाठ्यपुस्तकात सापडत नाही. हाफकिन म्हटलं की आपल्याला परळची संस्था आठवते. मुंबईत प्लेग असताना १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, हेही माहीत असतं. पण त्याआधी, १८९० मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना याच माणसाने पॅरामिशियमच्या केंद्रकात राहणाऱ्या जिवाणूंचं वर्णन केलं आणि त्यांना होलोस्पोरा हे नाव दिलं. पॅरामिशियमला मोठं आणि लहान अशी दोन प्रकारची केंद्रकं असतात. होलोस्पोराची एक जात मोठ्या केंद्रकात राहते, बाकीच्या दोन लहान केंद्रकात. पत्ता चुकत नाही.

होलोस्पोरा आत शिरतो तो अन्नाच्याच वाटेने. पॅरामिशियम त्याला इतर जिवाणूंसारखंच गिळतं, तो अन्नरिक्तिकेत, म्हणजे अन्न पचवणाऱ्या पिशवीत जातो, पण पचण्याआधी तिथून निसटून केंद्रक गाठतो. तिथे आखूड रूपात वाढतो, आणि दुसऱ्याला लागण करायची वेळ आली की दहा मायक्रोमीटरपेक्षाही लांब होतो. बारावीत 'सहजीवन म्हणजे दोघांचाही फायदा' असं घोकलेलं असेल तर ते इथे सैल करावं लागतं. होलोस्पोराला कित्येक जण सरळ परजीवीच म्हणतात. हाफकिननेही त्या लेखात पॅरामिशियमचे रोग म्हणूनच हे मांडलं होतं. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो, तयारी ठेवा.

आता कामाचं. नमुना तलावपाळीवरून किंवा उपवनहून आणा. कारंज्याजवळचं ढवळलेलं पाणी नको. काठाशी पानं कुजलेली असतात तिथलं, थोडा गाळ येईल असं घ्या. आंब्याच्या पेटीतला भाताचा पेंढा उकळून, गार करून दोन-तीन दिवस झाकून ठेवलात की त्यात जिवाणू वाढतात. मग त्यात तलावाचं पाणी घाला. नळाचं पाणी वापरणार असाल तर आदल्या रात्रीच उघडं भरून ठेवा, नाहीतर क्लोरीन घात करतं.

हिरवंगार पॅरामिशियम दिसलं तर हुरळून जाऊ नका. ती पॅरामिशियमचीच बर्सारिया नावाची जात, तिच्या आत शैवाल असतं, जिवाणू नव्हे. दिसायला देखणं आहे, पण तो वेगळा प्रोजेक्ट.

गिळलेलं की मुक्कामी, हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. बेकरीचं यीस्ट काँगो रेड या रंगात उकळा आणि त्याचा एक थेंब कल्चरमध्ये सोडा. पॅरामिशियम ते खातं आणि आत लाल गोळे दिसू लागतात. रिक्तिका आम्लधर्मी झाली की तेच लाल गोळे निळसर होतात. म्हणजे अन्न कुठे कुठे आहे त्याचा नकाशाच हातात आला. त्या रंगीत वर्तुळांच्या बाहेर, पेशीद्रवात किंवा केंद्रकात काही काड्या दिसल्या तर तिथे नजर रोखा. मग काही पेशी स्वच्छ पाण्यात धुऊन एक-दोन दिवस उपाशी ठेवा. अन्न संपतं, मुक्कामी उरतात.

बघताना कव्हरस्लिपच्या कडेला फिल्टर पेपर लावून पाणी हळूहळू ओढून घ्या. काच खाली बसत जाते, पॅरामिशियमचं पळणं थांबतं, ते चपटं होतं आणि शेवटी फुटतं. फुटण्याआधीचे जे काही क्षण मिळतात त्यात ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब लावून वापरायच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली) सगळं बघायचं. केंद्रकासाठी वनस्पतिशास्त्राच्या लॅबमधून अ‍ॅसिटो-ऑर्सिन हा रंग मागून आणा, कांद्याच्या मुळांना वापरतात तेच. निरोगी मोठं केंद्रक सगळीकडे सारखं रवाळ दिसतं. होलोस्पोराने भरलेलं फुगलेलं असतं आणि आत काड्या खच्चून असतात. पहिल्याच नमुन्यात असं मिळेल अशी आशा धरू नका. बहुतेक पेशी कोऱ्याच निघतात, आणि तीही नोंद वहीत तारखेसकट गेली पाहिजे.

प्रोजेक्टची मुदत कमी असेल तर मी वाळवी सुचवते, कारण तिच्या आतड्यातही एकपेशीय जीव असतात आणि त्यांच्या आत जिवाणू. इथे बरेच जण फसतात. येऊरच्या जंगलातून वारूळ उकरून आणायचा विचार करतात. एक तर ते राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. दुसरं म्हणजे बुरशी पिकवणाऱ्या त्या वाळवीच्या आतड्यात आपल्याला हवे ते कशाभधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) एकपेशीय जीव नसतातच. हवी ती थेट लाकूड खाणारी, कॉप्टोटर्मिस किंवा हेटेरोटर्मिस. नौपाड्यात रिडेव्हलपमेंटला गेलेल्या एखाद्या इमारतीची पोखरलेली चौकट मिळाली तर सोनं. चिमट्याने आतडं ओढून ०.६ टक्के मिठाच्या पाण्यात फोडा आणि लगेच बघा, कारण हवा लागली की हे जीव फार टिकत नाहीत. स्लाइडवर अक्षरशः चेंगराचेंगरी दिसते. लाकडात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. कॉप्टोटर्मिसच्या एका जातीत आतड्यातल्या एकपेशीय जीवाच्या आत राहणारा जिवाणूच हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करून देतो, हे जपानी संशोधकांनी २००८ मध्ये त्याच्या जीनोमवरून दाखवलं.

सिक्वेन्सिंगची घाई नको. अख्ख्या कल्चरचा १६एस (जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाची तपासणी) करून पाठवलात तर रिपोर्टमध्ये पेंढ्यावर वाढलेल्या जिवाणूंची वरात निघते आणि आपला पाहुणा त्यात हरवतो. आधी एकेक पेशी उचलून धुवायला शिका. नंतर चमकणारा प्रोब (फक्त त्याच जिवाणूला चिकटणारा खुणेचा तुकडा) लावून तो जिवाणू नेमका पेशीत कुठे आहे ते दाखवलंत की काम पूर्ण. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आमच्याकडेही नव्हता. गाइडचं पत्र घेऊन दुसऱ्या संस्थेत तासांच्या हिशेबाने बसावं लागतं, तेव्हा हे पत्र पहिल्या सेमिस्टरलाच मागून ठेवा.

आणि नोकरी? 'सहजीवी तज्ज्ञ हवेत' अशी जाहिरात कधीच येणार नाही. संशोधनात राहायचं तर सीएसआयआर-नेटसारख्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी हवी. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाणी तपासणाऱ्या लॅबना लिजिओनेला (माणसाला न्यूमोनिया करणारा पाण्यातला जिवाणू) समजणारी माणसं लागतात. कूलिंग टॉवरच्या बुळबुळीत थरात हा जिवाणू अमीबाच्या आत शिरून वाढतो. रोबोथम या संशोधकाने १९८० मध्ये अमीबाशी असलेलं हे नातं दाखवलं. अमीबाच्या आत बसलेल्याला क्लोरीन सहज पोचत नाही, म्हणून टॉवर धुऊनही रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह येतो. मुलाखतीत हे स्लाइडवर काय दिसतं त्यासकट सांगता आलं, तर समोरचा माणूस बायोडेटा बाजूला ठेवून पुढचे प्रश्न विचारायला लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही गाळाची तब्येत व्हॉर्टिसेलासारख्या एकपेशीय जीवांवरून ओळखतात. तिथे मायक्रोस्कोपला सरावलेला डोळा चालतो, बाकीचं काम ते शिकवतात.