मोकळ्या कोंबड्या पाळताय? या चुका टाळा

कोंबड्या कुरणावर सोडल्या की खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो, औषधं लागत नाहीत आणि अंडी आपोआप वाढतात, या समजुतीवर बरेच जण या कामात उतरतात. तिन्हींपैकी एकही गोष्ट तशी घडत नाही. गवतावर फिरणारी कोंबडी तरतरीत राहते, अंड्याचा बलक गडद होतो, जमिनीला खत मिळतं, हे सगळं खरं. पण त्यासाठी बंद शेडपेक्षा जास्त राबावं लागतं. मोकळी कोंबडी म्हणजे वाऱ्यावर सोडलेली कोंबडी नव्हे. दहा-वीस पक्षी असोत की शे-दोनशे, लहान कळपात जे बिघडतं त्यातलं बरंचसं रोगाच्या आधी व्यवस्थेत बिघडलेलं असतं. म्हणून औषधाची बाटली हातात घेण्याआधी पाणी, जमीन आणि रात्रीची जागा या तीन ठिकाणी नजर टाकायची सवय लावून घ्या.

‘चरून पोट भरेल’

कोंबडी म्हणजे गाय नाही. तिला रवंथ करता येत नाही आणि गवतातला चोथा तिला फारसा पचत नाही. कोवळी पानं, बिया, किडे, गांडुळं यांतून तिची गरज ऋतूप्रमाणे साधारण 5 ते 20 टक्के भागते. बाकीचं खाद्यातूनच द्यावं लागतं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं. नुसता मका टाकून भागवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के असतात. अशी कोंबडी दिसायला गुबगुबीत होते, पण ती चरबी असते. अंडी कमी होतात आणि पक्षी एकमेकांची पिसं उपटायला लागतात. घरातलं उरलंसुरलं अन्नही मूठभरच द्या, नाहीतर संतुलित खाद्यावर पाणी फिरतं. बुरशी लागलेलं धान्य ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कोंबड्यांपुढे टाकणं तर सगळ्यात महागात पडतं. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष थेट यकृतावर घाला घालतं आणि पिल्लं आधी जातात.

एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं. कवच बनतं मुख्यतः रात्री, कोंबडी काही खात नसताना. त्यामुळे शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. तो पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो. मात्र लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना आणि अंडी सुरू न झालेल्या तलंगांना देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. सगळ्या वयाचे पक्षी एकत्रच असतील तर सर्वांना ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयाचं खाद्य द्यावं आणि चुरा बाजूला ठेवावा. ज्याला हवा तो खातो, यात कोंबडीची अक्कल आपल्यापेक्षा बरी असते.

चरणाऱ्या पक्ष्याला बारीक, कठीण खडेही लागतात, कारण दात नसल्यामुळे गवत-दाणे दळायचं काम गिझर्डमध्ये, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या पिशवीत, हे खडेच करतात. शिंपल्यांचा चुरा त्याला पर्याय नाही, तो विरघळून जातो.

खुराडं एकाच जागी ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. चाकांचं खुराडं हौसेने बनवून घेतलं जातं, पहिले पंधरा दिवस रोज हलतं, मग दोन दिवसांनी, मग ‘रविवारी बघू’. तोवर दाराशी गवत संपून चिखल झालेला असतो.

त्या चिखलात नेमकं काय चालतं ते समजून घ्या. कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण आणणाऱ्या परजीवीचे सूक्ष्म बीजकोश विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोगकारक नसतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात. गोल जंतांच्या अंड्यांना दोन-तीन आठवडे लागतात, पण ती मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. खुराडं रोज पुढे सरकलं तर पक्षी आपल्याच विष्ठेत चोच घालत नाहीत. सगळं गणित एवढ्यावरच उभं आहे. जागेवर ठेवलेलं ‘फिरतं’ खुराडं पक्क्या शेडपेक्षाही वाईट, कारण शेडमध्ये निदान भुशाची गादी तरी कोरडी असते.

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं खुराडं रोज हलवा. शेवटच्या दोन आठवड्यांत विष्ठा इतकी वाढते की दिवसातून दोनदा हलवावं लागतं. अंड्यावरच्या कोंबड्या जाळीच्या आवारात फिरत असतील तर दोन ते चार दिवसांनी जागा बदला. दिनदर्शिकेपेक्षा जमिनीकडे बघा: गवतातून माती दिसायला लागली की उशीर झालेला असतो. सोडलेल्या तुकड्याला किमान तीन-चार आठवडे विश्रांती द्या. कोंबडीच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं, त्यामुळे थोडी पडली तर गवत हिरवंगार होतं आणि एकाच जागी फार पडली तर तेच गवत जळतं.

उंच गवतात कोंबड्या सोडणं हीसुद्धा याच जातीची चूक. ओल्या, गुडघाभर गवतात त्या शिरायला कचरतात. शिवाय लांब, जून काड्या गळ्याखालच्या खाद्यपिशवीत गुंता होऊन अडकतात. गवत 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचं असावं. त्याहून वाढलं असेल तर आधी कापा किंवा गुरं-शेळ्या चारून घ्या. लहान गवतात ऊनही जमिनीपर्यंत पोचतं आणि उन्हात, कोरड्यात रोगजंतूंचा टिकाव कमी लागतो. पिशवी अडकल्याची शंका असेल तर पहाटे, खाद्य देण्याआधी चाचपून बघा. रात्री भरलेली पिशवी सकाळी रिकामी हवी. सकाळीही ती टणक गोळा लागत असेल तर पशुवैद्याला दाखवा.

खुराडं पक्कंच असेल तर आवाराचे तीन-चार भाग करा आणि आळीपाळीने उघडा. दाराजवळची जागा तरीही उजाड होणारच, तिथे लाकडाचे मोठे तुकडे पसरा.

पिल्लं घाईने बाहेर काढणं

पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत आणायची. थर्मामीटर असू द्या, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोच उघडी टाकली असेल तर उकडतंय, सगळी एकाच कोपऱ्यात गेली असतील तर कुठून तरी वाऱ्याचा झोत येतोय. मल चिकटून गुदद्वार बंद झालेलं पिल्लू दिसलं तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. असं अनेक पिल्लांचं होत असेल तर ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेचं तापमान तपासा.

अंगावरची लव जाऊन पिसं येईपर्यंत पिल्लू भिजलं की गारठून मरतं. उबदार, कोरड्या हवेत ब्रॉयलरची पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाल्यावर बाहेर काढता येतात. लेयरना पाच-सहा आठवडे थांबवा. नेमकं तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यानच रक्ती हगवण गाठते: पंख पाडून, पिसं फुलवून बसलेली पिल्लं, विष्ठेत रक्त. औषध बहुधा पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियमचं दिलं जातं. ते ‘ब 1’ जीवनसत्त्वाची जागा अडवून परजीवीला उपाशी मारतं, म्हणून त्याच वेळी ‘ताकदीसाठी’ जीवनसत्त्वाचं टॉनिक पाजणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. मात्रा पशुवैद्यालाच विचारा आणि ओली गादी त्याच दिवशी बदला.

मोकळ्या पक्ष्यांना लस लागत नाही, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. मानमोडी किंवा राणीखेत म्हणतात तो विषाणूजन्य रोग आहे, त्यावर उपचार नाही, फक्त लस आहे. मरेक्स या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस तर पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते, ती उबवणी केंद्रातूनच दिली आहे का हे विकत घेताना विचारा. बाहेरून आणलेला मोठा पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवा आणि त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा.

जाळीवरचा भरवसा

षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती फाडतं आणि उंदीर-मुंगूस सापटीतून शिरतात. रात्रीच्या खुराड्याला 12 मिलिमीटरची वेल्ड केलेली जाळी लावा आणि जमिनीलगत तिचा हातभर पदर बाहेरच्या बाजूला आडवा पसरून वर माती लोटा. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि जाळीवर अडतं. दाराला नुसती आडवी फिरणारी खिट्टी पुरत नाही.

हल्ला झालाच तर आधी खुणा वाचा. अख्खा पक्षी नाहीसा आणि थोडी पिसं मागे, तर तोंडात धरून नेणारं मोठं जनावर. जाळीलगत मुंडकं नसलेला पक्षी, तर कुणीतरी बाहेरून ओढलंय, म्हणजे भोकं मोठी आहेत किंवा कोंबड्या जाळीला टेकून झोपतात. भरदिवसा उघड्यावर एखादाच पक्षी जात असेल तर वर बघा. घार-ससाण्यापासून बचावाला झुडपं किंवा ठिकठिकाणी बुटके आडोसे लागतात आणि तेच आडोसे उन्हातही कामी येतात. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी दार लावण्याचं काम कुणा एकावर नेमून द्या. ‘कुणीतरी लावलं असेल’ यात कळप जातात.

पाणी आणि हवा

अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात आणखी कितीतरी जास्त. भांडं दुपारी काही तास कोरडं राहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी घटतात आणि आपण कारण खाद्यात शोधत बसतो. भांडं सावलीत ठेवा. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात कवच पातळ येतं. त्या वेळी नुसता कॅल्शियम वाढवून भागत नाही, सावली लागते.

थंडीच्या भीतीने खुराडं चारही बाजूंनी बंद करणं हा उलटा प्रकार. आत वाकून श्वास घ्या. अमोनियाचा वास नाकाला झोंबला तर पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना तो आधीच झोंबलेला आहे. झरोके पक्ष्यांच्या डोक्याच्या वर हवेत.

अंडी कमी झाली तर कोणत्या क्रमाने शोधायचं

आधी ती खरंच कमी झाली आहेत का ते बघा. मोकळ्या कोंबड्या झुडपाखाली, गवताच्या गंजीआड गुपचूप घरटी करतात. बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात, तेव्हा काही दिवस कोंबड्या दहा-अकरा वाजेपर्यंत आतच ठेवा. आकडा पूर्ववत झाला तर चोर सापडला. चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी, मऊ भुशाची पेटी लागते आणि ती बसायच्या दांडीपेक्षा खाली हवी. दांडी खाली आणि पेटी वर असेल तर कोंबड्या पेटीतच झोपतात, तिथेच घाण करतात आणि तुम्हाला मळकी अंडी मिळतात.

मग उजेड मोजा. अंड्यांचा ओघ टिकायला दिवसाचा 14 ते 16 तास उजेड लागतो. लहान दिवसांत अंडी कमी होणं हा आजार नव्हे. दिवा लावणार असाल तर तो पहाटे लावा. संध्याकाळी एकदम मालवला तर पक्षी दांडीवर चढायच्या आधीच अंधारात सापडतात. साधारण दीड वर्षाच्या कोंबडीची पिसं झडतात आणि दोन-तीन महिने अंडी बंद राहतात, तिथे औषध नको, प्रथिनं द्या. खुडूक बसलेली कोंबडी पेटीतून हलत नाही, फुगते, टोचायला येते. पिल्लं काढायची नसतील तर तिला तीन-चार दिवस खालून हवा खेळणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी चालू ठेवून.

यातलं काहीच नसेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक गोचिडासारखे जीव, दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवा, लाल रेघा उठल्या तर निदान झालं. फटी साफ करून औषध मारा आणि आठवड्याने पुन्हा मारा, कारण अंड्यांतून नवी पिढी तोवर बाहेर आलेली असते. यानंतरही अंडी घटलेली असतील आणि सोबत मरगळ, शिंका, हिरवी हगवण किंवा माना वाकड्या दिसत असतील तर तासही न दवडता पशुवैद्याला बोलवा.

मांसासाठी पाळताना

झपाट्याने वाढणारी ब्रॉयलर जात सहा ते आठ आठवड्यांत तयार होते, पण ती चरायला फिरत नाही, खाद्याच्या भांड्याशी बसून राहते. तिला दिवसरात्र खाद्य दिलं तर पाय अधू होतात, हृदय थकतं, पोटात पाणी होतं. रात्री खाद्य काढून घ्या आणि पाणी खाद्यापासून थोडं लांब ठेवा, म्हणजे चालणं होईल. खरोखर कुरणावरच वाढवायचं असेल तर 11 ते 14 आठवडे घेणारी संथ वाढीची जात निवडा. खाद्य जास्त जातं, मर कमी होते.

कापण्याआधी 8 ते 12 तास खाद्य बंद, पाणी चालू. औषध दिलेलं असेल तर त्याच्या वेष्टनावर लिहिलेला वर्ज्य काळ, म्हणजे औषधानंतर खाणं टाळायचे दिवस, मांसाला आणि अंड्यांना, दोन्हींना पाळा. पिसं काढायला उकळतं पाणी वापरलं तर कातडी फाटते. 60 ते 63 अंशांच्या पाण्यात पाऊण ते एक मिनिट पुरतं. साफ केलेला पक्षी चार तासांच्या आत 4 अंशांपर्यंत थंड करा आणि गोठवण्याआधी एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. ताठरलेलं मांस तसंच गोठवलं किंवा शिजवलं की चिवट लागतं आणि दोष मात्र जातीवर जातो. अंडी बंद झालेल्या लेयरकडून कोवळ्या मांसाची अपेक्षाच ठेवू नका. ती मंद आचेवर दोन-तीन तास शिजवा आणि रस्सा आधी चाखा.