होस्टिंग निवडताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

नुसतं लिहायचं असेल आणि साइटच्या आत हात घालायची हौस नसेल, तर गूगलचं फुकट ब्लॉगर पुरे. होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, रुपया घालवू नका. पुढचं सगळं स्वतःच्या जागेवर वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांसाठी.

डोमेन, म्हणजे साइटचा नाव-पत्ता, होस्टिंगवाल्याकडून घेऊ नका, पहिलं वर्ष फुकट दिलं तरी. वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी), स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. म्हणजे उद्या होस्टिंग बदलायचं झालं तर डोमेनचे नेमसर्व्हर (साइट कुठे ठेवलीय ते सांगणारी नोंद) बदलले की पत्ता नव्या जागी वळतो.

प्लॅन सगळ्यात लहान, शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असलेला. नव्या ब्लॉगला व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा राखीव भाग, लागत नाही. एसएसएलचे (पत्त्यात https आणणारं सर्टिफिकेट) वेगळे पैसे मागणारी कंपनी यादीतून काढा. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं फुकट मिळतात. वाचक इकडचे असतील तर सर्व्हर मुंबईचा मागा.

आता दर. इथे घाई करू नका. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला आकडा फक्त पहिल्या मुदतीचा असतो, आणि तोही बहुतेकदा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच. समजा महिना ९९ रुपये लिहिलंय आणि नूतनीकरण ३४९ ला आहे. तीन वर्षांचे १८ टक्के जीएसटीसकट सुमारे ४,२०० रुपये होतात. त्यानंतरच्या तीन वर्षांचे १४,८०० च्या वर! नूतनीकरणाचा दर पेमेंटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. तिथेही नसेल तर चॅटवर विचारा; तरीही गोलगोल उत्तर आलं तर ती खिडकी बंद करा. तुलना करायची ती याच दराची. ‘टॉप टेन होस्टिंग’ छापाच्या याद्या वाचून निवड करू नका. त्यांतल्या बऱ्याच लिंकांवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं.

‘अनलिमिटेड’वर तर मुळीच भाळू नका. अटींमध्ये ‘आयनोड’ शोधा, म्हणजे किती फाइली ठेवता येतील त्याची मर्यादा. वर्डप्रेस एका फोटोच्या लहान-मोठ्या अनेक प्रती बनवून ठेवतं, त्यामुळे भटकंतीचे फोटो टाकणाऱ्याची जागा शिल्लक असतानाच ही मर्यादा भरू शकते.

पैसे परत मिळायची मुदत संपायच्या आत बॅकअप तपासा. कंपनी रोज बॅकअप घेते, हे ऐकून गप्प बसू नका. तो तुम्हाला उतरवून घेता येतो का आणि परत चालू करायचे पैसे लागतात का, ते महत्त्वाचं. दोन-चार मराठी पोस्ट लिहा, त्यात ‘ऱ्हस्व’, ‘ज्ञानेश्वर’ असली जोडाक्षरं येऊ द्या. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (होस्टिंगवरचा डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस, म्हणजे पोस्ट आणि प्रतिक्रिया साठतात ती जागा, उतरवा आणि घरच्या संगणकावर एक्झॅम्पमध्ये (घरीच सर्व्हर चालवून देणारं सॉफ्टवेअर) चढवा. मराठी जशीच्या तशी दिसली तर ठीक. भलतीच परकी अक्षरं दिसली तर कुठेतरी मराठी साठवू शकणाऱ्या यूटीएफ८एमबी४ ऐवजी रोमन अक्षरांपुरतं लॅटिन१ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) लागलंय. हे बहुतेक वेळा दुरुस्त होतं. पण डेटाबेसच्या त्या प्रतीतच अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर तिच्यातला मजकूर गेला, तो कुणीही परत आणू शकत नाही. इंग्रजी मार्गदर्शकांत ही चाचणी क्वचितच दिसते, कारण इंग्रजी अक्षरं दोन्ही एन्कोडिंगमध्ये सारखीच राहतात. फुकट मायग्रेशन करून (साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर हलवून) देणारेही पहिलं पान उघडलं की काम झालं म्हणतात. जुन्यातली जुनी पोस्ट आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया स्वतः उघडून बघा.

आणि पैसे भरताना मुळात एकाच वर्षाचे भरा आणि ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) लगेच बंद करा. डोमेनचं मात्र चालू ठेवा.