जहाजबुडीतल्या बचावाचं जुनं पदक कसं ओळखावं

सातारा-सांगलीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत राबली, त्यामुळे समुद्र लांब असला तरी इथल्या ट्रंकेतही कधीमधी असं पदक निघतं. निघालं की सराफाकडे धावू नका. तो चांदीचा भाव सांगेल आणि वर फुकटात उजाळूनही देईल. चिंच, राख, पितांबरी सगळं लांब ठेवा. २०१९ च्या पुराचा गाळ बसला असेल तर साध्या पाण्यात भिजवून सोडवा, नखाने खरवडू नका.

पट्टीने व्यास मोजा, मग चित्र बघा. फुटक्या जहाजाला धरून राहिलेलं कुटुंब आणि दूरच्या होडीला हात करणारा माणूस दिसला, तर ते ब्रिटिश सरकारचं १८५५ पासूनचं सागरी शौर्यपदक. सव्वादोन इंची असेल तर १९०३ च्या आधीचं; तेव्हा ते छातीवर लावत नसत. पुढे आकार सव्वा इंचावर आला आणि फीत लागली. ग्रीक कथेतल्या युलिसिसला वाचवणारी समुद्रदेवी असेल तर ते लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराचं, १८३६ मध्ये सुरू झालेलं. १८२४ साली स्थापन झालेली ब्रिटिश लाइफबोट संस्था ब्राँझपदक १९१७ पासून देते. त्याआधीच्या तारखेचं या संस्थेचं ब्राँझ कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा.

खरी मेख कडेवर आहे. शौर्यपदकाच्या कडेवर माणसाचं नाव, जहाज आणि तारीख असते. पदकाची किंमत त्या एका ओळीत. ती वाचायला मला सुरुवातीला फार जड गेलं. पेन्सिल घासून ठसा घ्या असं सगळे सांगतात. मी सांगतो, घेऊ नका: कागद सरकतो आणि ‘३’ चा ‘८’ होतो. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक सावकाश फिरवा. अक्षरांत साचलेला काळपटपणाच ती ओळ उठून दाखवतो. म्हणून तर उजळायचं नाही.

नाव वाचलं म्हणून हुरळून जाऊ नका. जुनं नाव कानशीने घासून नवं कोरण्याचा धंदा जुनाच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकती पट्टी, मिळेल. व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. नावापाशीच तो कमी भरला, तर मी ते पदक घेत नाही, विकणारा कितीही ओळखीचा असो.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो.