जुन्या सायकलीला दुसरा चिमटा बसवताना

चेकनट, म्हणजे मानेच्या सगळ्यात वर बसणारा नट, तीन वेढे अगदी सुरळीत फिरला आणि अडला. मी थोडं तेल सोडलं, मोठा पाना लावला आणि आणखी अर्धा वेढा ओढून काढला. उलटा फिरवला तेव्हा आट्यांमधून लोखंडाची केसासारखी चकचकीत तार निघाली. नट गेला आणि चिमट्याच्या उभ्या दांड्याचे वरचे चार आटेही गेले. आजोबांच्या रॅले सायकलीसाठी जुन्या बाजारातून मी हा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, आणला होता. 'डोळे झाकून न्या, सगळ्या काळ्या सायकलींना हाच बसतो,' असं विकणाऱ्याने सांगितलं, आणि मी खरोखरच डोळे झाकून नेला.

सायकलीच्या बिल्ल्यावर 'नॉटिंगहॅम, इंग्लंड' लिहिलेलं होतं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. त्या कारखान्यात चिमट्याच्या दांड्यावर इंचाला २६ आटे पाडत. इतर बहुतेक जुन्या सायकलींच्या दांड्यावर इंचाला २४ असतात. दांड्याची जाडी दोन्हीकडे तीच, १ इंच म्हणजे २५.४ मिमी. त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही, आणि पहिले दोन-तीन वेढे नटही कुरकुरत नाही. आसनसोलच्या सेन-रॅलेची किंवा दुसरी कुठली देशी सायकल असेल तर नावावरून आटे ठरवू नका, मोजा.

जुना चिमटा काढताना

पुढचं चाक, मडगार्ड आणि रॉड-ब्रेकची पुढची जोडणी आधी मोकळी करा. हँडलच्या दांड्यातला लांब बोल्ट तीन-चार वेढे सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्या, म्हणजे आतली पाचर सुटते आणि हँडल वर निघतं. निघालं नाही तर फटीत तेल सोडून रात्रभर ठेवा. पन्नास-साठ वर्षं जागेवरून न हललेला गंज पाच मिनिटांत सुटत नाही.

आता खाली जुनी चादर पसरा. वरचा चेकनट आणि कोन (छर्र्यांवर टेकणारी कडी) काढला की चिमटा खाली सरकतो आणि छर्रे टपटप गळायला लागतात. ते सुटे असतात, साधारण ५/३२ इंचाचे, म्हणजे ४ मिमीपेक्षा किंचित कमी. वरचे आणि खालचे वेगळ्या डब्यांत ठेवा आणि मोजून आकडा लिहून ठेवा. छर्रे नवेच घालायचे असतात, पण किती घालायचे ते जुनेच सांगतात.

जुना चिमटा इतक्यात भंगारात देऊ नका. तोच तुमचा नमुना आहे. खरेदीला निघाल की बगलेत मारून न्या. दुकानात लोक बघतात, बघू द्या.

दुकानातच करायची मोजमापं

पहिली तपासणी आट्यांची. जुना आणि नवा दांडा शेजारी धरून एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवा आणि उजेडाकडे करा. मापं एकच असतील तर करवतीला करवत भिडावी तसे दात दातांत बसतात. २४ आणि २६ असतील तर पाव इंचातच अर्ध्या आट्याचा फरक पडतो आणि फटीतून उजेड दिसतो. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या फिटरने दाखवली. तोवर माझा नट बाद झाला होता.

दुसरी दांड्याच्या लांबीची. फ्रेमच्या मानेची नळी, म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती, जितकी लांब, तितका दांडा. त्यामुळे २२ इंची आणि २४ इंची फ्रेमचे चिमटे एकमेकांना चालत नाहीत. मानेच्या नळीच्या लांबीत वरच्या-खालच्या वाट्या (छर्रे बसतात त्या), कोन, वायसर आणि चेकनट यांची उंची मिळवा. समजा, नळी १५० मिमी आणि बाकी सामान ३८ मिमी, तर दांडा १८६-१८७ मिमी हवा. चेकनटाच्या तोंडापेक्षा तो मिलिमीटरभर खालीच राहिला पाहिजे, नाहीतर नट वायसरवर दाबत नाही. अनेक जुन्या सायकलींना दिव्याचा ब्रॅकेट याच नटाखाली असतो. त्याच्या पट्टीची जाडीही हिशेबात धरा.

लांब दांडा कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. मात्र आटे फार खालपर्यंत पाडलेला लांब दांडा घेऊ नका. हँडलची पाचर आट्यांच्या भागात फुगली, तर दांडा नेमका तिथे चिरतो.

तिसरी चिमट्याच्या खांद्याची, म्हणजे खालचा कोन ठोकून बसवायच्या जागेची. ही जागा काही चिमट्यांवर २६.४ मिमी, तर काहींवर २७ मिमी असते. इथे व्हर्नियर (बारीक मापाचा कॅलिपर) लागतोच, पट्टीवर भागत नाही. २७ च्या जागेवर २६.४ चा कोन जात नाही. उलट असेल तर कोन सैल बसतो आणि ब्रेक मारला की टकटक वाजतो. मोठी जागा लेथवर उतरवून मिळते. कानशीने घासून उतरवायला जाल तर कोन तिरका बसेल.

शेवटची तपासणी आकाराची, आणि बहुतेक लोक नेमकी तीच सोडून देतात. दोन्ही चिमटे जमिनीवर आडवे ठेवून खांद्यापासून एक्सलच्या खाचेपर्यंतची लांबी आणि पुढचा बाक, म्हणजे दांड्याच्या रेषेपासून खाच किती पुढे आहे ते, जुळवून बघा. लांबीत १० मिमीचा फरक पडला तर मानेचा तिरपेपणा अर्ध्या अंशाने बदलतो, तेवढं खपून जातं. बाकाचं मात्र तसं नाही. मानेची रेघ खाली वाढवली तर जमिनीला जिथे टेकते, तिथपासून चाक टेकतं ती जागा थोडी मागे असते, आणि याच अंतरामुळे सायकल सरळ चालते. २८ इंची चाक आणि ६८ अंशांची मान असेल, तर ७६ मिमी बाकाला हे अंतर साधारण ६१ मिमी येतं. ५० मिमी बाकाचा चिमटा घातला तर ते ९० च्या घरात जातं. मग हँडल जड होतं आणि हळू चालवताना वळणावर आत पडतं. उठून बसून निवांत चालवायच्या सायकलीची सगळी मजा त्या लांब बाकात असते. शर्यतीच्या सायकलीचा सरळसा चिमटा तिला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाचांमधलं आतलं अंतरही मोजा. जुन्या रॅलेला ते ९१ मिमीच्या आसपास असतं, हल्लीच्या हबला १०० लागतं. आणि रॉड-ब्रेक असेल तर त्याची यू आकाराची सळई चिमट्याच्या दोन पायांमध्ये रिमखालून मोकळी फिरते का, तेही बघा.

कापणं आणि कोन बसवणं

दांडा कापायच्या आधी त्यावर एक जुना, पण त्याच आट्यांचा नट चढवा आणि खुणेवर आणा. नटाच्या कडेला टेकवून बारीक दातांच्या ब्लेडने कापलं तर काप सरळ येतो. मग कडा कानशीने मोडा आणि नट फिरवून बाहेर काढा. बाहेर येता येता तो दुखावलेले आटे साफ करत येतो. आधी कापून मग नट चढवायला बसलात तर सगळी दुपार त्यात जाईल.

खालचा कोन बसवायला खास नळी मिळते. माझं काम नळवाल्याकडून आणलेल्या फूटभर १ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपने झालं. त्याचं आतलं माप २७ मिमीच्या थोडं वर असतं. तो दांड्यावरून सरकतो आणि कोनाच्या आतल्या कडेवर टेकतो. पाइपचं तोंड आधी सपाट घासून घ्या. छर्रे ज्या खोबणीत फिरतात तिला पाइप लागता कामा नये. ठोका देत गेलं की आवाज बदलतो. आधी पोकळ 'टण' येतो, आणि कोन पूर्ण बसला की भरीव 'ठक'. तो ऐकला की थांबा.

चिमटा रंगवला असेल तर कोनाच्या जागेवरचा आणि आट्यांवरचा रंग खरवडून काढा.

छर्रे, वाट्या आणि शेवटचं कसणं

वाट्या रॉकेलने धुऊन बोटाने चाचपा. खोबणीत खळगे लागले तर वाटी बदला, नाहीतर हँडल सरळ रेषेत आल्यावर दर वेळी अडखळेल. फ्रेम उलटी करून खालच्या वाटीत भरपूर ग्रीस भरा आणि छर्रे एकेक करून चिकटवा. वाटी पूर्ण भरली की एक काढून घ्या, तेवढी मोकळीक लागते. चिमटा आत सारा, हाताने घट्ट दाबून धरा आणि फ्रेम सुलटी करा. इथे मदतीला दुसरं कुणी असलेलं बरं. मग वरची वाटी तशीच भरा.

वरचा कोन हातानेच फिरवा, पाना नको. वायसर, ब्रॅकेट आणि चेकनट चढवा. कोन पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट आवळा. आवळताना कोन थोडा दबतोच, म्हणून दोन-तीनदा कमी-जास्त करावं लागतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, मानेत खट्ट व्हायला नको. पुढचं चाक उचललं की हँडल आपल्या वजनाने कुठल्याही बाजूला पडलं पाहिजे.

चाक बसवल्यावर ते दोन्ही पायांच्या मधोमध नसेल तर लगेच चिमट्याला दोष देऊ नका. चाक काढून उलटं बसवा. तरीही त्याच बाजूला झुकलं तर चिमटा वाकडा. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर चाकाच्या तारा ओढून घ्यायच्या. वाकडा चिमटा तापवून सरळ करून देणारे भेटतात. देऊ नका.

पहिल्या आठवड्यात वाट्या आणि कोन जागेवर बसतात आणि मान सैल होते. माझी चौथ्या दिवशी झाली, आणि चेकनट आणखी पाव वेढा आवळावा लागला.