खंडाच्या रानात पाईप टाकताय? आधी कागद करा

सांगली-कोल्हापूरकडच्या वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ भागात उन्हाळ्यात रानावर पांढरा थर फुटला की कारण विचारावं लागत नाही. उसाला दिलेलं जादा पाणी भारी काळ्या जमिनीतून निचरत नाही, पाणीपातळी वर येते आणि मीठही वर आणते. त्यावर सच्छिद्र पाईपांचा भूमिगत निचरा, म्हणजे रानाखाली पाईप पुरून जादा पाणी बाहेर काढणं, हा उपाय आता सगळ्यांना माहीत आहे. पण रान खंडाने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या भाड्याने, घेतलेलं असेल तर गाडं अडतं. पाईप वीस वर्षं जमिनीत राहणार, आणि खंडाची मुदत लागण (उसाचं पहिलं पीक) अधिक दोन-तीन खोडवे (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारी पिकं).

आधी माती तपासून घ्या. सामू (pH) साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) 15 टक्क्यांहून जास्त असेल तर रान चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेलं, आहे. तिथे नुसत्या पाईपने भागत नाही, सोडियम हटवायला जिप्समही लागतं आणि तो खर्च हिशेबात धरावा लागतो. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे सल्ला मिळतो.

मग पाईपमधून निघालेलं पाणी कोणत्या ओढ्यात सोडायचं ते बघा. पाईप साधारण तीन-चार फूट खोल जातो, म्हणजे ओढ्याचा तळ त्याहून खाली हवा. मधे शेजाऱ्याचं रान असेल तर त्याची संमती लेखी घ्या. ती मिळत नसेल तर पुढचं वाचायची घाई करू नका.

आता पैसे. दोन-तीन ठिकाणांहून अंदाजपत्रक घ्या. त्यात पाईप, मेन लाईन, चेंबर, खोदाई आणि जिप्सम वेगवेगळं लिहून मागा. उदाहरणासाठी एकरी 80 हजार खर्च आणि 20 वर्षं आयुष्य धरू, म्हणजे वर्षाला 4 हजार. खंड 5 वर्षांचा असेल तर खंडकऱ्याचा वाटा 20 हजार, मालकाचा 60 हजार. मालकाकडे रोख नसते, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच. तेव्हा सगळे पैसे खंडकऱ्याने घालावेत आणि दरवर्षीच्या खंडातून 12 हजार वळते करावेत. 30 हजार खंड असेल तर हातात 18 द्यायचे. दोनच वर्षांत रान सोडायची वेळ आली तर? 80 हजारांतून वापराचे 8 आणि वळते झालेले 24 वजा जाता मालकाने 48 हजार द्यायचे. हा आकडा वर्षवार तक्ता करून आधीच लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मीठ धुऊन जाईपर्यंत पीक पुरतं साथ देत नाही, म्हणून त्या वर्षी खंडात सूट मागण्यात काही गैर नाही.

खरी अडचण कागदाची. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कुळकायद्याने दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं तिची मालक ठरली. ती धास्ती घराघरांत अजून आहे, म्हणून मालक लिहून द्यायला बिचकतो. त्याला बेइमान समजू नका. पण 80 हजार बोलाचालीवर मातीत पुरूही नका. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. कुळकायदा जाणणाऱ्या वकिलाकडे दोघांनी मिळून जा. रान विकलं, वारस बदलले किंवा मालकाने मधेच रान मागितलं तर उरलेली रक्कम कोण देणार, हे करारात आलंच पाहिजे. पाईपची बिलं पैसे घालणाऱ्याच्या नावावर करा, पैसे बँकेतून द्या, आणि खंडातून वळते केल्याची पावती दरवर्षी घ्या.

मालक लिहायला तयारच नसेल तर पाईप सोडा. ओढ्याकडे उघडे चर काढा. थोडी जागा जाते, पण पैसे अडकत नाहीत.

पाईपचं काम ऊस तुटल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत उरका, म्हणजे पहिल्याच पावसापासून मीठ धुऊन निघायला लागतं. पाईपचे चर बुजवण्याआधी बांधापासूनची अंतरं मोजून नकाशा काढा आणि एक प्रत मालकाला द्या. उद्या त्याने बोअर मारायला घेतलं तर पाईप फुटायला नको.