ओपन माइक: शेवटच्या पाळीपर्यंत खोली भरलेली ठेवायची असेल तर

ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कुणालाही मंच मिळतो अशा कार्यक्रमाला, जमलेल्यांपैकी बरेच जण नुसते श्रोते नसतात. आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले ते सादरकर्ते असतात. पाळी झाली की ते उठतात, त्यांना ऐकायला आलेले दोन-तीन मित्रही उठतात, आणि सव्वानऊला ज्याचं नाव पुकारलं जातं तो रिकाम्या खुर्च्यांसमोर कविता वाचतो. ओपन माइक फसतो तो इथे. त्यामुळे जागा, वेळ, क्रम, आवाज यांतलं काहीही ठरवताना एकच प्रश्न विचारा: याने माणसं शेवटपर्यंत बसतील का?

पुढचं सगळं पन्नासेक माणसांच्या कॅफेसाठी किंवा छोट्या सभागृहासाठी आहे. वेळ सात ते साडेनऊ, आणि कविता, कथा, स्टँडअप, गाणी असा मिश्र कार्यक्रम धरला आहे.

जागा

जागा बघायला जायचं ते कार्यक्रमाच्याच वारी आणि त्याच वेळेला. दुपारी शांत वाटणाऱ्या कॅफेत संध्याकाळी कॉफीचा ग्राइंडर, दूध फेसवणारी वाफ आणि ज्यूसचा मिक्सर सतत चालू असतो. मालकाशी आधीच स्पष्ट बोलून घ्या: सादरीकरण चालू असताना ग्राइंडर आणि मिक्सर बंद, दोन पाळ्यांच्या मधे चालू. ऑर्डरी सुरुवातीला आणि मध्यंतरात घ्यायच्या. मध्यंतरात सगळ्यांची ऑर्डर एकदम येते, म्हणून तेवढ्यापुरता काउंटरवर एक माणूस जास्त लागेल, हेही सांगून ठेवा.

मंच दाराजवळ नको आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर तर नकोच. सहा ते आठ इंच उंचीची फळी पुरते. तेवढ्याने तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्यालाही चेहरा दिसतो. पन्नास जण येतील असं वाटत असेल तर खुर्च्या चाळीसच मांडा, उरलेल्या कोपऱ्यात रचून ठेवा. पुढच्या रिकाम्या रांगा नवख्या माणसाचा धीर घालवतात. उशिरा आलेल्यासाठी खुर्ची आणून टाकणं मात्र कधीही जमतं. पुढे सतरंजी टाकून दोन रांगांची बैठक केली तर आणखी चांगलं. माणसं जवळ बसतात आणि फरशीवरून परतणारा आवाजही थोडा दबतो. फरशी, काच आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत शब्द घुमतात, तेव्हा मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा चादरी लावा.

प्रकाशासाठी पिवळसर उजेडाचे दोन एलईडी फ्लड दिवे मंचाच्या दोन्ही अंगांनी तिरके, डोक्याच्या वरून सोडा. एकच दिवा समोरून मारला तर वाचणाऱ्याचे डोळे दिपतात, त्याला कागद दिसत नाही. स्टँडवरचा पंखा मंचाकडे वळलेला नसावा. वारा थेट माइकवर आला की स्पीकरमधून धडधड ऐकू येते.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू येण्यापुरती सूट असली, तरी कॅफेच्या उघड्या दारा-खिडक्या ती सूट टिकू देत नाहीत. साडेनऊला संपवायचं ठरवलं की ओढाताण झाली तरी दहाच्या आत आवरता येतं. तिकीट लावणार असाल तर परवानगीबद्दल स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारा. दुसऱ्यांची गाणी गायली जाणार असतील तर कॅफेकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना आहे का, तेही बघा. मूळ ध्वनिमुद्रण वाजवायचं तर त्याचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे ट्रॅकवर गाणं शक्यतो टाळावं. साथीला एक गिटार किंवा पेटी असली की खोली जास्त लक्ष देऊन ऐकते, हा त्यातला दुसरा फायदा.

वेळेचा हिशेब

अडीच तास म्हणजे 150 मिनिटं. सुरुवातीची 10, मध्यंतराची 15 आणि शेवटची 5 वजा केली की 120 उरतात. कविता किंवा कथेला 5 मिनिटं आणि बदलायला 1. स्टँडअपला 6 आणि 1. गाण्याला 8 आणि 3, कारण पेटी ठेवायची, केबल लावायची, स्वर जुळवायचे. आठ कवी-कथाकार (48), चार स्टँडअपवाले (28) आणि चार गाणारे (44) घेतले की बरोबर 120 मिनिटं होतात. म्हणजे सोळा पाळ्या. सतरावी घेऊ नका, मित्र असला तरी. भिडेखातर घेतलेल्या दोन पाळ्यांची किंमत शेवटच्या दोघांना मोजावी लागते.

सोळांपैकी चौदा पाळ्या आधी नोंदवून घ्या आणि तीन नावं प्रतीक्षायादीत ठेवा. ऐन वेळी न येणारे एक-दोन जण असतातच. उरलेल्या दोन पाळ्या चिठ्ठीच्या. मध्यंतरानंतर खोलीत हजर असलेल्यांची नावं डब्यात टाकायची आणि त्यातून काढायची. थांबण्यासाठी हे खरं कारण होतं. दुसरा उपाय म्हणजे पूर्वार्धाचा क्रम सातला आणि उत्तरार्धाचा मध्यंतरात जाहीर करणं. जो मित्रांचा मोठा गट घेऊन येणार आहे, त्याला उत्तरार्धात ठेवा.

वेळ संपत आल्याची खूण सगळ्यांना आधी समजावून सांगा. एक मिनिट उरलं की खोलीच्या मागून मोबाइलचा दिवा स्थिर दाखवायचा, वेळ संपली की तो हलवायचा. त्यावर अर्धा मिनिट गेलं की सूत्रसंचालकाने टाळ्या वाजवत मंचावर यायचं. माइक मात्र मधेच बंद करू नका. तो अपमान खोलीतल्या प्रत्येकाला लागतो, आणि पुढचा सादरकर्ता घाबरूनच उभा राहतो. नियम पहिल्याच पाळीपासून पाळा. पहिल्याला नऊ मिनिटं दिली की दहाव्याला अडवता येत नाही.

क्रम

नवख्यांना पहिली पाळी नको, शेवटचीही नको. तिसरी ते सहावी पाळी त्यांच्यासाठी उत्तम: खोली रुळलेली असते, थकलेली नसते. पहिली आणि शेवटच्या दोन पाळ्या खोली धरून ठेवता येईल अशांना द्या. अतिशय गंभीर कवितेनंतर लगेच स्टँडअप ठेवलं तर दोघांचंही नुकसान होतं. मधे एखादी हलकीफुलकी कविता किंवा कथा घाला.

गाणी सगळ्या कार्यक्रमात विखरू नका, दोन ठिकाणी गोळा करा: दोन अगदी सुरुवातीला आणि दोन मध्यंतरानंतर लगेच. सुरुवातीची वाद्यं दारं उघडण्याआधी लागलेली असतात आणि नंतरची मध्यंतरात लागतात. आवाजाची चाचणी उलट्या क्रमाने घ्या. जो पहिला गाणार त्याची चाचणी सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच राहते.

तबला असेल तर गाणाऱ्यांना नोंदणीच्या वेळीच पट्टी विचारा, म्हणजे ते कुठल्या स्वराला ‘सा’ धरून गातात ते. काळी एक, पांढरी एक ही नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आली आहेत. काळी एकमध्ये मिळवलेला तबला पांढरी एकला उतरवायला बसलं की पाच-सात मिनिटं ठोकाठोकीत जातात आणि तेवढ्यात लोक उठतात. एका पट्टीचे गायक लागोपाठ ठेवा. काळी एकचा गायक आणि काळी चारची गायिका यांना एकच तबला चालतो, कारण काळी चारचा मध्यम (सा रे ग म मधला म) काळी एकवरच येतो. त्या तबल्याचा स्वर तिच्यासाठी मध्यम ठरतो. रागात किंवा चालीत शुद्ध मध्यम नसेल तर हा मार्ग बंद, हे मात्र तबलजीला आधी विचारा.

आवाज

लागणाऱ्या वस्तू: आवाजासाठी दोन डायनॅमिक माइक (वेगळी वीज न लागणारे; शुअर एसएम 58 किंवा त्याच जातीचे), वाद्यांसाठी आणखी दोन, एक सरळ स्टँड, तीन आडव्या दांडीचे स्टँड, चार माइक लागतील असा छोटा साउंड मिक्सर (सगळ्यांचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करायचं यंत्र), दहा इंची दोन पॉवर्ड स्पीकर (आतच अॅम्प्लिफायर असलेले), एक मॉनिटर (सादरकर्त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), गिटारसाठी एक डीआय बॉक्स (गिटारची केबल मिक्सरला जोडणारी डबी), सहा-सात एक्सएलआर केबली (माइकच्या तीन पिनांच्या), गिटारच्या पिकअपसाठी (तारांचा आवाज उचलणारा, गिटारमध्येच बसवलेला भाग) 9 व्होल्टची जादा बॅटरी आणि केबली फरशीला चिकटवायला रुंद टेप. वायरलेस माइकच्या मोहात पडू नका. बॅटरी उतरते, सिग्नल तुटतो, आणि एका जागी उभं राहून बोलणाऱ्याला वायरचा काही त्रास नसतो.

स्पीकर सादरकर्त्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. ते माइकच्या मागे गेले की त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि फेरी वाढत जाऊन शिट्टी बसते. एसएम 58 सारखा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक नेमका पाठीमागून सगळ्यांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे, गाणाऱ्याच्या समोर ठेवायचा. माइक सुपरकार्डिऑइड (समोरून आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणारा) असेल तर तो पाठीमागूनही थोडं ऐकतो. तिथे मॉनिटर जरा बाजूला सरकवा.

मिक्सरवर आधी गेन, म्हणजे माइककडून येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. सादरकर्त्याला त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजात बोलायला किंवा गायला लावा. मीटर शून्याच्या आसपास खेळला पाहिजे, लाल दिवा लागता कामा नये. मग लो-कटचं (अगदी खालचे, घुमणारे आवाज कापणारं) बटण दाबा. पायाची धपधप आणि स्टँडचे धक्के जातात. त्यानंतर फेडर (त्या माइकच्या आवाजाची सरकती पट्टी) वर घ्या. बोलणाऱ्यांसाठी रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) पूर्ण बंद. गाण्यानंतर तो चालूच राहिला, की पुढच्या कवीचे शब्द धूसर होतात. ही चूक इतक्या ठिकाणी होते की मिक्सरवर चिठ्ठीच लावून ठेवावी.

शिट्टी बसली तर आधी तोच चॅनल खाली घ्या, मग माइक आणि स्पीकर यांची दिशा बघा, ईक्यूला (आवाजातला जाड-बारीकपणा बदलणाऱ्या बटणांना) हात सर्वांत शेवटी. बहुतेक वेळा मूळ कारण एकच असतं: हळू बोलणारा कवी माइकपासून वीतभर लांब उभा आहे आणि साउंडवाला गेन वाढवत चालला आहे. त्याला जवळ बोलवा. अंतर निम्मं झालं की माइकला सुमारे 6 डेसिबल जास्त मिळतात, तेही शिट्टीचा धोका न वाढवता. दुसरं कारण म्हणजे जाळी मुठीत धरणं. त्याने माइकची मागून न ऐकण्याची शक्तीच जाते. दांडा धरायचा, जाळी मोकळी ठेवायची.

सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. मिक्सर, स्पीकर आणि वाद्यं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. फ्रीज त्या बोर्डावर नको.

पेटीला आडव्या दांडीवरचा माइक वीतभर अंतरावरून, भात्याच्या हवेपासून दूर. तबल्याला एकच माइक, दायाँ-बायाँच्या मधे, वरून. पन्नास माणसांच्या खोलीत तबला मुळातच ऐकू येतो. गायकाचा आवाज त्याच्यावर तरंगेल एवढंच बघा, आणि तबल्याचा माइक गरज नसेल तर बंद ठेवा. पिकअप नसलेल्या गिटारला माइक बाराव्या पडद्यासमोर, वीतभर अंतरावर. आवाजाच्या भोकासमोर धरला तर नुसतं घुमतं.

सादरकर्त्यांना काय सांगायचं

माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर, हनुवटीच्या बाजूने किंचित तिरका. प, फ, भ या वर्णांना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि सरळ धरलेल्या माइकवर तो फाटकन आपटतो. तिरक्या माइकच्या बाजूने तो निघून जातो. माइकवर टिचकी किंवा फुंकर मारून बघू नका.

कागद हातात खाली धरला की मान झुकते आणि तोंड माइकवरून सरकतं. नोटेशन ठेवायचा स्टँड छातीच्या उंचीला लावून द्या. मोबाइलवरून वाचणाऱ्यांनी तो फ्लाइट मोडवर टाकावा, अक्षर मोठं करावं आणि पडदा आपोआप बंद होणार नाही असं सेटिंग करावं. पाच मिनिटांत दोन मध्यम लांबीच्या कविता होतात. घरी घड्याळ लावून वाचताना साडेचार मिनिटं लागली तर मंचावर पाच होतात, कारण टाळ्या आणि श्वास त्यात धरलेला नसतो. कवितेआधी तिचा अर्थ सांगू नये. त्या मिनिटात अजून एक छोटी कविता बसते.

सूत्रसंचालक

त्याच्यावर सगळं तोललेलं असतं. प्रत्येकाचं नाव आणि आडनाव कसं उच्चारायचं हे आधी विचारून लिहून ठेवावं. ओळख एका वाक्याची. कुणी पहिल्यांदा सादर करत असेल तर ते त्याला विचारूनच सांगावं; काहींना त्याने धीर येतो, काहींना अवघडल्यासारखं होतं. दोन पाळ्यांमधे स्वतःच्या चारोळ्या म्हणायच्या नाहीत. प्रत्येक वेळी दोन मिनिटं जास्त घेतली तर सोळा पाळ्यांत 32 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच कवी.

नोंदणीच्या वेळीच सांगून ठेवा की मंचावरून खोलीतल्या कुणाला लक्ष्य करायचं नाही. चित्रीकरण सादरकर्त्याच्या परवानगीनेच, आणि सादरकर्ता अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांच्याही.

पैशांबाबत आमचं मत ठाम आहे: सादर करणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये. तोच श्रोता आहे, तोच चहा-कॉफी घेतो आणि तोच मित्रांना आणतो. साउंडचं भाडं काढायचं तर मध्यंतरात यूपीआयचा क्यूआर कोड फिरवावा किंवा कॅफेच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा आधी लेखी ठरवून घ्यावा.

पुढच्या महिन्याची तारीख शेवटच्या पाळीच्या आधी जाहीर करा. नंतर सांगितली तर खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात ती बुडते. नोंदणीची वही दाराशी उघडी ठेवा आणि पुढच्या यादीत पहिला हक्क आज शेवटपर्यंत थांबलेल्यांना द्या.