कॉन्टेसाच्या डिकीवर स्पॉयलर बसवताना

माझी कॉन्टेसा १९९१ची. गोव्यात, आमच्या फोंड्यात अजूनही पोरं तिला 'सिनेमातली गाडी' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्या रुबाबासाठीच मी तिला स्पॉयलर, म्हणजे डिकीच्या झाकणावरचा पंख, लावला. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, हे खरं. १९७२ साली पोर्शने ९११ कॅरेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर दिला, तो भरधाव वेगात गाडीची मागची बाजू उचलली जाऊ नये म्हणून. आपण मात्र चोर्ला घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असतो. तिथे शेपटी असली काय नि नसली काय.

आधी कागदाचं बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख गाडी कंपनीने दिली तशीच ठेवण्याकडे आहे. तेव्हा आरटीओत विचारून घ्या, नंतर कटकट नको. २०२१पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, पण त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. कॉन्टेसा बाजारात आलीच १९८४ साली. परदेशातही हे नवीन नाही. बीएमडब्ल्यूच्या ३.० सीएसएलचा मोठा पंख जर्मनीत रस्त्यावर चालत नव्हता, म्हणून गाडी देताना तो सुटा डिकीत ठेवून देत.

यावरूनच मला सुचलं ते सांगतो: मूळ झाकणाला भोक पाडू नका. भंगारातून दुसरं झाकण शोधा. मला ते म्हापशाकडच्या एका भंगारवाल्याकडे तीन महिने खेटे घालून मिळालं. घेताना चुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. खालची दुमडलेली कड नखाने खरवडून पाहा, गंज तिथूनच सुरू होतो.

तयार स्पॉयलर कॉन्टेसाला बरोबर बसेल असा मिळेना. शेवटी बेतीच्या बाजूला होड्यांना फायबर मारणाऱ्या माणसाकडे पुठ्ठ्याचा साचा घेऊन गेलो. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पात्रांव, हें कितें?" पण काम असं केलं की मोटारवाल्याने केलं नसतं. खाऱ्या पाण्यात टिकणारं फायबर कसं घालायचं ते त्याला कोण शिकवणार! बोल्ट फायबरमध्येच रुजवून घ्या, मागाहून स्क्रू मारलेले सैल होतात. आणि स्पॉयलर पोकळ असेल तर तळाला चार मिलिमीटरचं एक भोक ठेवायला सांगा, आत साचलेलं पाणी निघायला.

माझा भरला दोन किलो तीनशे ग्रॅम. एवढं वजन झाकण पेलेल का, हे बसवण्याआधी बघायचं. उघड्या झाकणाच्या कडेला तेवढ्याच वजनाची तांदळाची पिशवी सुतळीने बांधा. झाकण हळूहळू खाली आलं तर आधी स्प्रिंगचं काम करा, नाहीतर एक दिवस सामान काढताना ते डोक्यात बसेल.

आता भोकं. झाकणावर मास्किंग टेप लावा आणि मधली रेघ झाकणाच्या दोन्ही कडांपासून मोजून काढा. दिव्यांवरून अंदाज घेऊ नका, जुन्या गाड्या जरा तिरक्याच असतात. खुणा झाल्या की वीस पावलं मागे जाऊन बघा. माझ्या मेहुण्याने लांबूनच सांगितलं, "भावोजी, डावीकडे झुकलंय," आणि खरंच चार मिलिमीटर झुकलेलं होतं.

पंच मारून आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग सहा एमएमच्या बोल्टला साडेसहाचं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे लोखंडाचा कीस त्याला चिकटून येईल. तो कीस रंगावर राहिला तर एका सरीत तांबडे ठिपके उमटतात. झाकणाला दोन थर असतात, बाहेरचा पत्रा आणि आतली चौकट. दोन्हींतून बोल्ट घालून नट आवळलात तर बाहेरचा पत्रा आत दबतो आणि स्पॉयलरभोवती वाटीसारखे खड्डे पडतात. म्हणून आतल्या थराचं भोक मोठं करा, सॉकेट पाना आत जाईल एवढं, आणि नट बाहेरच्या पत्र्यालाच मोठ्या वॉशरवर बसवा.

भोकाची कड फाइलने घासा, थिनरने पुसा, इपॉक्सी प्रायमर लावा, वर रंगाचा हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. हे सगळं दिवाळीनंतर. पावसाळ्यात मारलेला रंग दमट हवेत पांढुरका पडतो, मग पेंटरशी भांडत बसावं लागतं.

भोकांतून पाणी जाऊ नये म्हणून लावायच्या सिलिकॉनची गोष्ट मात्र माझी स्वतःची चूक. पूर्वी मेहुण्याच्या पद्मिनी गाडीला स्पॉयलर बसवला होता, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वापरलं. वाळताना व्हिनेगरसारखा वास येत होता, मी म्हटलं येऊ दे. पुढच्या गणेश चवथीपर्यंत भोकांखालून तपकिरी ओघळ! त्या जातीचं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, आणि उघड्या लोखंडाला ते खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा, नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. स्पॉयलरखाली दोन मिलिमीटरचं रबर घाला, पण उताराकडच्या बाजूला बोटभर फट सोडा. चारी बाजू बंद केल्या तर आत गेलेलं पाणी तिथेच राहतं.

नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. फायबर तडकल्याचा 'कट्' असा आवाज ऐकलात की झालं! स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यायचे तर ३१६ ग्रेडचे घ्या, समुद्राजवळ ३०४ ग्रेडवर डाग पडतात.

मग डिकीत कोरडं वर्तमानपत्र अंथरा आणि वरून दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. कागदावर एक थेंब दिसला तरी सगळं उघडून पुन्हा करा. दोनशे किलोमीटर झाले की नट एकदा तपासा, रबर दबल्याने ते सैल होतात. नंबर प्लेटचा दिवा आणि मागचे लाल दिवे झाकले जात नाहीत ना, हे अंधारात लांब उभं राहून बघा.

आणि गाडीचं जुनं कव्हर आता बसणार नाही. मी शिंप्याकडे नेऊन मागे एक चुणी घालून घेतली. मूळ झाकण जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे.